केशान ते केळापूर : भूमीशी जडलेल्या व्याधी

रोग माणसाला होतो, असे आपण म्हणतो. पण काही व्याधी अशा आहेत की त्या आधी गावाला जडतात आणि गावामार्फत माणसाकडे येतात. अशा व्याधीचे निदान करू पाहणाऱ्या वैद्याला केवळ नाडीवर बोट ठेवून भागत नाही. रोग्याचे गाव कोणते, तेथील माती कशी, पाणी कोठले, धान्य घरचे की बाजारचे, असे प्रश्न त्याला विचारावे लागतात. येथे आम्ही अशाच दोन व्याधींचा इतिहास मांडणार आहोत. पहिली हृदयाची. ती चीन देशातील केशान नावाच्या परगण्यात प्रथम ओळखली गेली. दुसरी दातांची व हाडांची. ती आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व व दक्षिण भागात, केळापूर, वणी, मारेगाव आणि झरी-जामणी या तालुक्यांतील कित्येक गावांत आजही आहे. पहिलीत मातीत एक द्रव्य कमी पडले; दुसरीत पाण्यात एक द्रव्य अधिक झाले. दोहोंचा धडा मात्र एकच आहे, आणि तो आपल्याला अजून पुरता गिरवावयाचा आहे.

हा विचार आपल्याकडे नवा नव्हे. चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाला वाहिलेला एक स्वतंत्र अध्याय आहे. माणसांची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, वय वेगळे, असे असता एकाच वेळी सारा जनपद एकाच रोगाने कसा ग्रासला जातो, असा प्रश्न त्यात अग्निवेश आपल्या गुरूंना विचारतो. आत्रेयांचे उत्तर असे की, माणसामाणसांत कितीही भेद असले तरी वायू, उदक, देश आणि काल या चार गोष्टी सर्वांना समान असतात. त्या बिघडल्या की सर्वांचेच बिघडते. पुढे ते असेही सांगतात की, वायूपेक्षा पाणी टाळणे अवघड, पाण्यापेक्षा देश टाळणे अवघड, आणि देशापेक्षा काल. हे सांगणाऱ्याला आजचे रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. पण प्रश्न कोठे विचारावा हे पक्के ठाऊक होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चर आणि कॉख यांनी जंतूंचा शोध लावला आणि वैद्यकाची दिशाच पालटली. कॉलऱ्याचा जंतू कॉखने 1884 साली कलकत्त्यात तळ्याच्या पाण्यातही दाखवून दिला. जंतू दाखवता येतो, मारता येतो. त्यामुळे रोग म्हटला की जंतू शोधावयाचा, अशी विद्येला सवयच लागली. परंतु एखादी वस्तू नसल्यामुळे जो रोग होतो त्यात सूक्ष्मदर्शकाखाली काय धरावयाचे? नसलेली वस्तू दिसणार कशी? ती दिसते नकाशावर. हिमालयाच्या पायथ्याशी गलगंडाचा पट्टा आहे, तो आयोडिनाच्या अभावाचा पट्टा होय. कांगडा खोऱ्यात 1956 पासून डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही भागांत आयोडिनयुक्त मीठ आणि काही भागात साधे मीठ पुरवून हे सिद्ध केले, आणि 1962 साली देशाचा गलगंड-नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

आता केशानकडे वळू. ईशान्य चीनमधील हेइलुंगजिआंग प्रांतात हा परगणा आहे. 1935 च्या हिवाळ्यात तेथे एका विलक्षण रोगाची साथ आली. धडधाकट दिसणारी माणसे छातीत कोंडून, वांत्या होऊन, हातपाय गार पडून दगावू लागली. हृदयाचा स्नायू ठिकठिकाणी मरून जाई आणि हृदय फुगून निकामी होई. पुढे या रोगाला त्या परगण्याचेच नाव मिळाले. 1949 नंतर चीनमध्ये जी पाहणी झाली तीत असे आढळले की, हा रोग एका परगण्यापुरता नाही. ईशान्येच्या हेइलुंगजिआंगपासून नैर्ऋत्येच्या युनानपर्यंत देशातून तिरकस गेलेल्या एका पट्ट्यात तो आहे. या पट्ट्यातही रोग शहरात नव्हता, खेड्यात होता; आणि खेड्यात शेतकरी कुटुंबांत होता. दोन ते दहा वर्षांची मुले आणि प्रसवक्षम वयाच्या स्त्रिया यांना तो विशेषेकरून होई. शेतकरी आपल्याच शेतात पिकलेले धान्य खाई, आणि शहरातील माणसाच्या ताटात चार प्रांतांचे धान्य येई, हा फरक येथे निर्णायक होता.

याच पट्ट्यात गुराढोरांनाही एक स्नायूंचा रोग होत असे. स्नायू पांढरट पडत, म्हणून त्याला श्वेत-स्नायू रोग म्हणत. हा रोग सेलेनियमच्या अभावाने होतो, हे पशुवैद्यकाला तोवर कळले होते. सेलेनियम हे मूलद्रव्य स्वीडिश रसायनज्ञ बर्झेलियस याने 1817 साली शोधले. पुढे शे-सव्वाशे वर्षे ते विष म्हणूनच ओळखले गेले. शरीराला ते अत्यल्प प्रमाणात आवश्यक आहे, हे श्वार्ट्झ आणि फोल्ट्झ यांनी 1957 साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. जे गुरांना होते ते माणसांना का होऊ नये, हा प्रश्न मग चिनी वैद्यांनी विचारला. त्यांनी माती तपासली, धान्य तपासले, माणसांचे रक्त आणि केस तपासले. रोगाच्या पट्ट्यात सेलेनियम सर्वत्र कमी निघाले.

परंतु दोन गोष्टी एके ठिकाणी आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. म्हणून सेचुआन प्रांतातील मिआननिंग परगण्यात 1974 साली मुलांवर मोठा प्रयोग करण्यात आला. एक ते नऊ वर्षांच्या 4,510 मुलांना आठवड्यातून एकदा सोडियम सेलेनाइटची गोळी दिली, आणि 3,985 मुलांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली. औषध घेतलेल्यांत दहा मुलांना रोग झाला. न घेतलेल्यांत 54 मुलांना. 1975 साली हेच आकडे 6,767 मुलांत सात आणि 5,445 मुलांत 52 असे आले. एवढा पुरावा हाती आल्यावर काही मुलांना जाणूनबुजून वंचित ठेवणे प्रयोगकर्त्यांना मान्य होईना. 1976 पासून औषध सर्वांना देण्यात आले. 1979 साली हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला आणि जगाला ठाऊक झाला.

तरी एक गाठ उरलीच होती. मातीतले सेलेनियम ऋतूप्रमाणे बदलत नाही. मग उत्तरेत हा रोग हिवाळ्यात आणि दक्षिणेत उन्हाळ्यात का उसळावा? रोग्यांच्या शरीरात कॉक्सॅकी नावाचे विषाणू सापडत असत. 1990 नंतर अमेरिकेत मेलिंडा बेक आणि ऑर्व्हिल लेव्हँडर यांनी दाखवले की, सेलेनियमचा अभाव असलेल्या उंदराच्या शरीरात या विषाणूचे निरुपद्रवी वाण रूप पालटते आणि हृदयाला इजा करू लागते. म्हणजे माती आणि जंतू यांचा झगडा लावणेच मुळात चूक. जमीन शरीराला दुबळे करते आणि दुबळ्या शरीरात जंतू बळावतो. पुढे चीनमधील खेड्यांत बाहेरचे धान्य येऊ लागले, आहार सुधारला, आणि हा रोग झपाट्याने ओसरला. गोळीने जे केले ते अखेर चौरस ताटानेही केले.

येथे कोणी विचारील की, या चिनी कथेशी आमच्या वऱ्हाडाचा संबंध काय? संबंध द्रव्याचा नाही, आकृतीचा आहे. आपल्या जिल्ह्याचा भूस्तरांचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. पूर्वेला वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा. पुसद, दारव्हा, यवतमाळ या बाजूंना काळा पाषाण, म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याचा कातळ, आणि त्यावर कपाशीची काळी जमीन. परंतु पूर्वेकडे व आग्नेयेकडे, वणी-मारेगावच्या अंगाला, हा काळा थर विरळ होत जातो आणि खालचे अतिप्राचीन खडक वर येतात. कोठे चुनखडी, कोठे शेल, कोठे ग्रॅनाइटच्या जातीचा खडक, कोठे कोळसा बाळगणारा वालुकाश्म. वणीच्या कोळशाच्या खाणी आणि राजूरच्या चुन्याच्या भट्ट्या या याच भूस्तरांच्या देणग्या होत. जी भूमी कोळसा आणि चुना देते तीच पाण्यात आणखीही काही देते, हे मात्र फार उशिरा लक्षात आले.

कित्येक जातींच्या खडकांतील खनिजांत फ्लोरिन असते. पावसाचे पाणी जमिनीत मुरून खोल भेगांत वर्षानुवर्षे साचून राहिले की, ते खडकाशी देवघेव करते. पाण्यात कॅल्शियम पुरेसे असेल तोवर ते फ्लोराइडला फारसे विरघळू देत नाही. परंतु खोलवर, जुन्या पाण्यातील कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटते आणि त्याच्या जागी सोडियम पाण्यात येते. असे सोडियमयुक्त, खारे नव्हे पण अल्कधर्मी पाणी फ्लोराइड खेचून घेते. उलट उथळ विहिरीचे पाणी दरवर्षी पावसाने नवे होते, म्हणून त्यात हा दोष सहसा कमी असतो. हे पाणी दिसावयास नितळ, चवीला गोड, वासाला निर्दोष असते. दोष आहे हे जिभेला कळत नाही, डोळ्यांना कळत नाही; कळते ते पंधरा-वीस वर्षांनी, हाडांना.

जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम ठरवली आहे. भारतीय मानकाप्रमाणे एक मिलिग्रॅमच इष्ट, आणि दुसरे पाणी नसेल तरच दीडपर्यंत चालेल. त्याहून अधिक फ्लोराइड लहान वयात पोटात गेले तर दात घडत असतानाच त्यांच्यावर खडूसारखे पांढरे डाग पडतात, मग पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात. ते घासून जात नाहीत, कारण ते दातावर नसतात, दातात असतात. पुढे अनेक वर्षे तेच पाणी पोटात गेले की हाडे जड व ठिसूळ होतात, सांधे आखडतात, पाठ ताठते, मान वळत नाही. खाली बसून भाकरी थापणे, वाकून निंदण करणे, डोक्यावर गुंड घेणे कठीण होते. चाळिशीतला माणूस काठी टेकतो आणि गाव म्हणते, याला वात झाला. या हाडांवर औषध नाही. म्हणून ही व्याधी बरी करण्याची नव्हे, होऊ न देण्याची आहे.

ही व्याधी कशी कळली याचाही इतिहास उद्बोधक आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी 1901 साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य गेला. तेथील माणसांच्या दातांवरील डाग त्याने पाहिले आणि पुढील तीस वर्षे तो त्यांचे कारण शोधीत राहिला. आर्कान्सा राज्यात बॉक्साइट नावाचे खाणगाव आहे. तेथे 1909 साली उथळ विहिरी सोडून खोल विहिरींचे पाणी घेण्यात आले, आणि त्यानंतर वाढलेल्या मुलांचे दात डागाळले. आधी वाढलेल्यांचे चांगले राहिले. 1931 साली चर्चिल नावाच्या रसायनज्ञाने ते पाणी तपासले आणि त्यात फ्लोराइड निघाले. भारतात 1937 साली शॉर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागात हाडांना जडणाऱ्या या व्याधीचे वर्णन केले. 1940 साली डॉ. चिंतामण गोविंद पंडित व त्यांचे सहकारी यांनी त्याच मुलखाचा अभ्यास करून दाखवले की, पाणी तेच असता ज्यांचा आहार निकृष्ट त्यांची हाडे अधिक वाकतात. हेच पंडित पुढे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे प्रमुख झाले.

तेव्हा 1940 सालापर्यंत पाण्यातील द्रव्य, खोल विहिरीचा धोका आणि आहाराचा संबंध, तिन्ही गोष्टी छापून प्रसिद्ध झाल्या होत्या. आता यानंतर बत्तीस वर्षांनी काय घडले ते पाहू.

1972 चा दुष्काळ महाराष्ट्र विसरलेला नाही. विहिरी आटल्या, माणसे आणि गुरे पाण्यासाठी दाही दिशा हिंडली. त्या काळापासून खडक फोडून खोल विंधन विहिरी घेणारी यंत्रे गावोगाव फिरू लागली. त्यांवर बसवावयाचा हातपंपही मोठ्या अंशी महाराष्ट्राच्याच अनुभवातून घडला. जालना आणि सोलापूर येथे मिशनमधील मंडळींनी टिकाऊ पंप तयार केले, आणि सोलापूरच्या पंपावरून पुढे 'इंडिया मार्क दोन' हा जगभर गेलेला पंप आकारास आला. या पंपांचे उपकार मोठे आहेत, ते नाकारणे कृतघ्नपणा होईल. उघड्या विहिरीच्या पाण्यातून येणारा कॉलरा, हगवण आणि नारू यांना त्यांनी मागे हटवले. भारतात नारूचा शेवटचा रोगी 1996 साली आढळला, आणि 2000 साली देश नारूमुक्त जाहीर झाला. डोंगरउतारावरील कोलामांच्या पोडांवर, जेथे बायका ओढ्यातल्या झिऱ्यातून वाटीवाटीने पाणी भरीत, तेथे बोरिंग येणे हा सणच होता.

परंतु बोरिंग घेताना पाणी लागले की नाही आणि किती लागले, हे पाहणे तातडीचे होते. त्यात कोणते क्षार आहेत, हे पाहणे तातडीचे वाटले नाही. तहानलेल्या गावाला तपासणीचा निकाल येईपर्यंत थांबा असे सांगणारही कोण? बॉक्साइट गावची कथा अशा रीतीने पैनगंगेच्या काठी पुन्हा घडली. उथळ विहीर सुटली आणि खोल पाणी घरात आले. पुढे मुलांच्या दातांनी ते सांगितले, आणि त्याहून पुढे मोठ्यांच्या गुडघ्यांनी. केंद्रीय भूजल मंडळाच्या तज्ज्ञांचा आपल्या जिल्ह्यातील फ्लोराइडयुक्त पाण्याविषयीचा निबंध 'करंट सायन्स' या नियतकालिकात 2007 साली प्रसिद्ध झाला. मद्रासकडील शोधास तेव्हा सत्तर वर्षे होत होती.

हा दोष कोणा एकाचा होता असे आम्ही मानीत नाही. ज्ञान होते, पण ते वेगवेगळ्या दप्तरांत होते. खडक कोणता हे भूवैज्ञानिकाच्या दप्तरात, विहीर किती खोल हे अभियंत्याच्या दप्तरात, दात आणि हाडे वैद्याच्या दप्तरात, आणि कोणत्या घरी कोणते पाणी जाते हे पाणी भरणाऱ्या बाईच्या डोक्यात. चीनमध्ये पशुवैद्य, मृदाशास्त्रज्ञ आणि डॉक्टर यांची माहिती एका नकाशावर आली तेव्हा केशानचे कोडे सुटले. भूमीशी जडलेली व्याधी एकट्या दवाखान्यात दिसत नाही. दवाखान्यात दिसतो तो सुटासुटा संधिवात. गाववार नोंद एका कागदावर आली म्हणजेच तिचा पट्टा दिसतो.

उपाय नाहीत असे नाही. पांढरकवड्याहून दीडशे किलोमीटरवर असलेल्या नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने 1970 च्या दशकात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर यांनी फ्लोराइड खाली बसवण्याची रीत तयार केली. तिला नलगोंडा पद्धत असे नाव आहे. रीत स्वस्त आहे. पण रोज मापून तुरटी टाकणे, ढवळणे, निवळ काढणे आणि गाळ दूर नेऊन टाकणे, हे काम अखेर गृहिणीवर येते. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबून आलेल्या बाईकडून ही रसायनशाळा चालण्याची अपेक्षा धरणे न्यायाचे नाही. दोषी हापशीवर लाल रंग मारण्याची पद्धतही काही ठिकाणी आहे. पण लाल हापशी दारात आणि चांगली विहीर कोसावर असेल तर मे महिन्यात माणूस कोणते पाणी भरील? रंगाने तहान भागत नाही. आहाराचे साहाय्य मात्र खरे आहे. दूध, शेवगा, पालेभाज्या, आवळा यांचे मोल पंडितांच्या संशोधनाने सुचवलेलेच होते. चिंचेच्या सेवनाने शरीरातील फ्लोराइड लघवीवाटे अधिक बाहेर पडते, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी शाळकरी मुलांवरील प्रयोगात दाखवले आहे. तरी चिंच हा टेकू आहे, पाया नव्हे. पाया म्हणजे दुसरे पाणी. नदीचे वा धरणाचे शुद्ध केलेले पाणी, जपलेली उथळ विहीर, साठवलेले पावसाचे पाणी आणि ओढे अडवून केलेले पुनर्भरण, हाच तो पाया. चीनमध्ये बाहेरचे धान्य आले तेव्हा रोग हटला. येथे भूगर्भाबाहेरचे पाणी आले म्हणजे हटेल.

एक सावधगिरीही सांगणे अवश्य आहे. सेलेनियमच्या अभावाने हृदय बिघडते, हे ऐकून कोणी गोळ्यांच्या मागे लागू नये. त्याच चीनमध्ये एन्शी भागात सेलेनियम अति झाल्याने माणसांचे केस व नखे गळाली, आणि आपल्या पंजाबात होशियारपूर-नवांशहर भागातील काही जमिनींत ते इतके आहे की गुरांचे खूर झडतात. फ्लोराइडचेही तसेच, अल्प प्रमाणात ते दातांना हितकारकच असते. विष आणि पोषण यांत द्रव्याचा भेद नसतो, प्रमाणाचा असतो. आणि प्रमाण हे मोजल्यावाचून कळत नाही.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. बाधित तालुक्यांतील प्रत्येक विहिरीचे व प्रत्येक बोरिंगचे पाणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर मोजले जावे. तो आकडा कचेरीत न राहता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, शाळेच्या फळ्यावर आणि अंगणवाडीच्या दारावर मराठीत लिहिला जावा. पोडावर तो कोलामी बोलणाऱ्या माणसाकडून समजावून सांगितला जावा. शाळेतील गुरुजींनी वर्षातून एकदा मुलांचे दात पाहावे आणि त्याची नोंद ठेवावी. गावाच्या पाण्याविषयी त्याहून स्वस्त आणि त्याहून खरा साक्षीदार दुसरा नाही. नवे बोरिंग घेताना पाणी लागल्याचा नारळ फोडण्यापूर्वी ते पाणी तपासले जावे. ज्यांची हाडे आज आखडली आहेत त्यांना आपण पूर्ववत करू शकत नाही. पण जे मूल यंदा रांगू लागले आहे त्याचे पक्के दात अजून हिरड्यांखाली घडत आहेत. ते कोणत्या पाण्यावर घडावे, हे ठरवणे अजून आपल्या हाती आहे.